कारागृहातील हिपॅटायटीस तपासणी : रक्त घेतलं, पुढे काय?

घरातला कुणी तुरुंगात गेला की कुटुंबाचं सगळं लक्ष वकील, जामीन आणि तारीख यांच्याकडे लागतं. तब्येतीचा विचार फार तर बीपीच्या गोळ्या आत पोहोचल्या का, एवढ्यापुरता होतो. रक्तातून पसरणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटीस बी आणि सी, कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुरुंगाच्या दारात साध्या तपासणीत हा आजार सापडू शकतो. त्यातल्या एका प्रकारावर पूर्ण इलाज आहे आणि सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो. ज्यांच्या घरचं माणूस आत आहे किंवा नुकतंच बाहेर आलं आहे, त्यांना ही तपासणी काय असते, कशी होते आणि तिचा निकाल कुठे अडकतो हे माहीत असावं, म्हणून आम्ही हे सविस्तर लिहीत आहोत.

सगळी कावीळ एकच नसते

हिपॅटायटीस म्हणजे यकृताला, आपल्या बोलीत कलेजीला, आलेली सूज. ती आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत. त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावं आहेत. ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. पावसाळ्यात मोहल्ल्यात एकाच वेळी दहा घरांत कावीळ निघते ती बहुतेक हीच. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गरोदर बाईला मात्र ई प्रकार फार धोक्याचा ठरू शकतो. डी हा विषाणू फक्त बी असलेल्या माणसालाच होतो.

खरी काळजी बी आणि सी यांची. हे रक्तातून पसरतात, बी शारीरिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. दोन्ही वर्षानुवर्षं शरीरात गुपचूप राहतात. डोळे पिवळे होत नाहीत, ताप नसतो, माणूस कामाला जातो, जेवतो, हसतो. पंधरा-वीस वर्षांनी पोटात पाणी होतं किंवा रक्ताची उलटी होते, तेव्हा यकृत कडक झाल्याचं कळतं. काहींना यकृताचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटीस बी आणि सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटीस सी होता. यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं.

म्हणूनच डोळे पाहून किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालं की 'कावीळ उतरली' म्हणण्याचा बी-सीशी काही संबंध नाही. पाणी पिवळं होतं ते हाताला आधी लावलेल्या वस्तूमुळे. हे आम्ही वर्गात मुलांना करून दाखवतो, तरी घरी गेल्यावर त्यांना पुन्हा उतरवायला नेतातच!

तुरुंगातच जास्त का?

'द लॅन्सेट'मध्ये २०१६ साली जगभरातील तुरुंगांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. २०१४ साली कोणत्याही एका दिवशी जगात साधारण १ कोटी २ लाख लोक तुरुंगात होते. त्यांपैकी अंदाजे १५.१ टक्के लोकांना हिपॅटायटीस सीची लागण झालेली होती आणि ४.८ टक्के लोकांना जुनाट हिपॅटायटीस बी होता. बाहेरच्या लोकसंख्येत सीचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं.

याचा अर्थ तुरुंगात जाणारे लोक वाईट म्हणून आजारी, असा कुणी काढू नये. कारणं सरळ आहेत. इंजेक्शनने नशा करणारे लोक जगभर मोठ्या संख्येने तुरुंगात जातात आणि एकच सुई अनेकांनी वापरणं हा सी पसरण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आत गेल्यावर रेझर, ब्लेड, नेलकटर वाटून वापरलं जातं. सुई आणि घरगुती शाई घेऊन गोंदवून घेतलं जातं. मारामारीत रक्त लागतं. हिपॅटायटीस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो. सीसुद्धा बाहेर बराच काळ तग धरतो. म्हणजे न्हाव्याकडे ब्लेड बदलून घेण्याची मुभा आपल्याला असते, बॅरेकमधल्या माणसाला ती नेहमी नसते.

त्यात गर्दी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांची क्षमता ४ लाख ३६ हजार २६६ होती आणि आत होते ५ लाख ७३ हजार २२० बंदी. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ जण, म्हणजे जवळजवळ ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते. साध्या भाषेत कच्चे कैदी. ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. तुरुंगातल्या आजाराकडे 'भोगतायत आपल्या कर्माची फळं' म्हणून पाहणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. देशातल्या बंद्यांमध्ये मुस्लिमांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारी आकडेवारीत दर वर्षी दिसतं. महाराष्ट्रापुरता या प्रश्नाचा अभ्यास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केला होता आणि त्यात बंद्यांची गरिबी, शिक्षण आणि कायदेशीर मदतीचा अभाव यांवर बोट ठेवलं होतं. म्हणजे येरवडा, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, हर्सूल, कळंबा, अमरावती किंवा नागपूर इथल्या मुलाकातीच्या रांगेत आपले लोक आहेत. आम्ही शिक्षक आहोत, आम्हाला हे दुसऱ्या बाजूने दिसतं. वर्गात एखादं मूल असतं, ज्याचे अब्बा 'गावाला गेलेत' आणि वर्षभर येत नाहीत. आम्ही विचारत नाही, तेही सांगत नाही.

तपासणी दोन टप्प्यांची असते

तपासणीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहेत, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पहिला टप्पा म्हणजे बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्ताची पट्टी-चाचणी. गरोदरपणाच्या चाचणीसारखीच एक छोटी पट्टी असते, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. बीसाठी 'एचबीएसएजी' ही चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू आत्ता शरीरात आहे. सहा महिन्यांनंतरही ती पॉझिटिव्हच राहिली तर आजार जुनाट झाला असं मानतात.

सीचं गणित वेगळं आहे. तिथे पट्टीवर दिसतात त्या प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूशी लढण्यासाठी तयार केलेली द्रव्यं. लढाई संपली तरी ती रक्तात राहतात. ज्यांना सीची लागण होते त्यांच्यापैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांचं शरीर सहा महिन्यांत कोणत्याही औषधाशिवाय विषाणू बाहेर काढतं. पण त्यांची पट्टी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते. इलाज घेऊन पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचीही तशीच येते. म्हणून पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच, असं नाही. आजार आत्ता आहे का हे ठरवायला दुसरी चाचणी लागते. तिला 'एचसीव्ही आरएनए' किंवा बोलीत 'व्हायरल लोड' म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली तरच औषध सुरू होतं.

ही दुसरी चाचणी पूर्वी फक्त मोठ्या प्रयोगशाळांत व्हायची. आता टीबीच्या तपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत बसवलेल्या जीनएक्स्पर्ट आणि ट्रूनॅट या यंत्रांवरही वेगळी चकती किंवा चिप वापरून ती होऊ शकते. ट्रूनॅट बनवणारी मोलबायो ही कंपनी तर आपल्या शेजारच्या गोव्यातली. टीबी तुरुंगातही मोठा प्रश्न असल्याने ही यंत्रं तुरुंगाच्या आसपास असतातच. प्रश्न यंत्राचा कमी आणि कोण नमुना पाठवणार याचा जास्त आहे.

आणखी एक बारकावा. लागण झाल्यानंतर लगेच पट्टी निगेटिव्ह येऊ शकते. सीची प्रतिपिंडं दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्यामुळे तुरुंगात शिरताना एकदा तपासलं आणि विषय संपला, असं होत नाही. जो माणूस वर्ष-दोन वर्षं आत राहतो, त्याची तपासणी पुन्हा व्हायला हवी आणि सुटताना तर नक्कीच.

कायद्यात आहे, आणि संमतीही हवी

१८९४च्या तुरुंग कायद्यातच लिहिलं आहे की आत आलेल्या बंद्याची शक्य तितक्या लवकर वैद्यकीय तपासणी व्हावी आणि तिची नोंद ठेवावी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ साली प्रवेशाच्या वेळच्या आरोग्य तपासणीचा एक नमुना सर्व राज्यांना पाठवला. त्यात हिपॅटायटीससाठी रक्ततपासणीचा उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या 'नेल्सन मंडेला नियमां'त तर स्पष्ट म्हटलं आहे की बंद्याला बाहेरच्या समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळाली पाहिजे आणि ती मोफत मिळाली पाहिजे. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधं त्यात मोफत आहेत आणि बंद्यांची गणना जास्त जोखमीच्या गटात केली आहे. २०२३ साली तुरुंगांमध्ये एचआयव्ही, गुप्तरोग, टीबी आणि हिपॅटायटीस अशा चारही तपासण्या एकत्र करण्याची मोहीमही घेण्यात आली.

आता संमतीचा प्रश्न. तुरुंगात माणसाला 'रांगेत उभा राहा' म्हटलं की तो उभा राहतो. हात पुढे कर म्हटलं की करतो. त्याला आपण संमती म्हणायचं का? एचआयव्हीबाबत २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. हिपॅटायटीससाठी असा वेगळा कायदा नाही. पण डॉक्टरवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी असतेच आणि बॅरेकमध्ये नाव पुकारून 'तू कावीळवाला, बाजूला हो' म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

इंग्लंडमध्ये गेल्या दशकापासून एक मधली वाट वापरतात. नव्या बंद्याला 'तपासणी करायची आहे का?' असं विचारण्याऐवजी 'आम्ही सगळ्यांचीच ही तपासणी करतो, तुम्हाला नको असेल तर सांगा' असं सांगतात. फरक फक्त वाक्याचा दिसतो, पण त्यामुळे तपासून घेणाऱ्यांची संख्या वाढली, कारण मग हात वर करून 'मला संशय आहे' असं चारचौघांत सांगावं लागत नाही. आम्हाला ही पद्धत योग्य वाटते. अट एकच, 'नको' म्हणणाऱ्याला त्याचा त्रास होता कामा नये.

रक्त काढून नेलं तरी कशासाठी ते माणसाला सांगितलं गेलं पाहिजे. त्याच्या भाषेत. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या पोराला उर्दूत, चिपळूणच्याला मराठीत, बंगालमधून आलेल्याला बांग्लात.

निकाल हरवतो कुठे?

आमच्या मते हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. तपासणी करणं सोपं आहे, मोहीम काढून एका दिवसात शेकडो पट्ट्या करता येतात, वर्तमानपत्रात फोटोही येतो. अडतं ते त्यानंतर.

समजा एक कच्चा कैदी सोमवारी आत आला. बुधवारी पट्टी केली, सीची रेघ उमटली. व्हायरल लोडसाठी नमुना जिल्हा रुग्णालयात जायला हवा. तो गेला. निकाल यायला काही दिवस लागले. तेवढ्यात त्याला जामीन मिळाला आणि तो रात्री घरी पोहोचला. निकालाचा कागद तुरुंगाच्या दवाखान्यातल्या फाईलमध्ये आला. त्या माणसाला फोन कोण करणार? त्याचा नंबर आहे का? असला तर तो बदलला नाही ना?

दुसरा प्रसंग. तो आतच आहे, निकाल पॉझिटिव्ह आहे, औषध सुरू करण्याआधी रुग्णालयात न्यायचं आहे. न्यायला पोलीस गार्ड लागतो. गार्ड उपलब्ध नाही, कारण बंदोबस्त आहे, निवडणूक आहे, मिरवणूक आहे. तारीख पुढे जाते. ज्यांनी कोर्टाच्या तारखांसाठी असं ताटकळणं पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रसंग सर्वांत धोक्याचा. औषध चालू आहे आणि माणसाची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली. फाईल मागे राहिली. सीचं औषध मधेच तुटलं तर इलाज फसू शकतो. बीचं औषध अचानक थांबलं तर विषाणू उसळी मारतो आणि यकृताला एकदम मोठा धक्का बसू शकतो. म्हणून बीच्या गोळ्या चालू असलेल्या बंद्याच्या हातात बदलीच्या वेळी किमान काही दिवसांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी असणं हे मेहेरबानीचं काम नाही, इलाजाचाच भाग आहे.

यावर उपाय फार महागडे नाहीत. पट्टी आणि व्हायरल लोड एकाच भेटीत, तुरुंगातच. डॉक्टरचा सल्ला व्हिडिओवरून, म्हणजे गार्डची गरज कमी. कोर्टात व्हिडिओवरून हजेरी लावता येते, तर यकृताच्या डॉक्टरसमोर का नाही? आणि सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या अहवालाची प्रत.

स्पेनचा एक तुरुंग

हे होऊ शकतं का, याचं उत्तर स्पेनमध्ये मिळालं. उत्तरेकडच्या कांताब्रिया प्रांतात एल दुएसो नावाचा तुरुंग आहे. तिथे मे २०१६ ते जुलै २०१७ या काळात सगळ्या बंद्यांना सीची तपासणी देऊ केली. ८४७ जणांनी, म्हणजे ९९.५ टक्के बंद्यांनी, ती करून घेतली. ११० जणांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, पण प्रत्यक्ष विषाणू होता ८६ जणांत. बाकीच्यांचा आजार आधीच गेलेला होता. दोन टप्प्यांची तपासणी का लागते ते या दोन आकड्यांतच दिसतं. डॉक्टर जवळच्या सांतांदेर शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून व्हिडिओवर रुग्ण पाहत होते. औषध घेतलेल्यांपैकी जवळपास सगळे बरे झाले.

ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्याच्या चार तुरुंगांत आणखी मोठा प्रयोग झाला. तिथे पाहायचं होतं ते हे की आजारी बंद्यांना भराभर औषध दिलं तर इतरांना होणारी नवी लागण कमी होते का. ती जवळपास निम्म्यावर आली. आतल्या एका माणसाचा इलाज त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही वाचवतो. आणि तो शेजारी उद्या कुणाच्या तरी घरी परतणार असतो.

इलाज काय, किती दिवस

हिपॅटायटीस सी पूर्ण बरा होतो. हे वाक्य दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिता आलं नसतं. तेव्हा वर्षभर इंजेक्शनं असायची, केस गळायचे, माणूस खचून जायचा आणि तरी अनेकांना गुण यायचा नाही. मग सोफोसबुविर आलं. अमेरिकेत त्याची एक गोळी १,००० डॉलरची होती, बारा आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलरचा. भारतीय कंपन्यांनी तीच गोळी अगदी थोड्या पैशांत बनवायला सुरुवात केल्यावर चित्र बदललं. पंजाबने २०१६ साली सगळ्या रुग्णांना ती मोफत द्यायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी राष्ट्रीय कार्यक्रम आला.

आज साधारणपणे सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या दिवसातून एकदा, बारा आठवडे घ्यायच्या. यकृत कडक झालं असेल तर डॅक्लाटासविरऐवजी वेल्पाटासविर देतात आणि गरजेनुसार मुदत वाढवतात. शंभरातले पंचाण्णवपेक्षा जास्त लोक बरे होतात. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करायचा. तो निगेटिव्ह आला की आजार गेला. पण शरीराला कायमचं संरक्षण मिळत नाही, पुन्हा दूषित ब्लेड किंवा सुई लागली तर पुन्हा होऊ शकतो.

औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगणं फार गरजेचं आहे. एक, टीबीचं औषध चालू आहे का? टीबीतलं रिफाम्पिसिन सीच्या गोळ्यांचा परिणाम खलास करतं, त्यामुळे बहुधा आधी टीबीचा कोर्स संपवतात. दोन, बी तपासला आहे का? बी अंगात असताना फक्त सीचं औषध दिलं तर दबलेला बी उसळू शकतो.

बीवर मात्र असा संपवणारा इलाज अजून नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात आणि बऱ्याचदा वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, ते पुढच्या तपासण्यांवरून ठरतं. पण सहा-सहा महिन्यांनी दाखवत राहावं लागतं.

रमजानविषयी विचारलं जातं म्हणून सांगतो. सीच्या गोळ्या दिवसातून एकदाच असल्याने डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतरची एक ठरावीक वेळ धरता येते. एन्टेकाविर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी लागते, तेव्हा वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. गोळी चुकवू नये.

घरच्यांच्या हातात काय आहे

मुलाकातीला गेल्यावर विचारा की रक्त घेतलं का, कशासाठी घेतलं, निकाल सांगितला का. त्याला आधीपासून एखादा आजार असेल, पूर्वी रक्त चढवलं असेल, डायलिसिस झालं असेल, नशेची इंजेक्शनं घेतली असतील तर जुने कागद वकिलामार्फत तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पोहोचवा. नशेची गोष्ट लपवून घराची इज्जत राहत नाही, फक्त इलाज लांबतो.

तपासणी किंवा औषध मिळत नसेल तर कारागृह अधीक्षकांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर वकील संबंधित न्यायालयात वैद्यकीय उपचारासाठी अर्ज करू शकतो. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. कोठडीत असलेल्या व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

आत बाई असेल आणि ती गरोदर असेल तर बीची तपासणी झालीच पाहिजे. आईला बी असेल आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बीची लस मिळाली, सोबत प्रतिपिंडांचं इंजेक्शनही मिळालं, तर बाळ बहुधा वाचतं. नाही मिळालं तर जन्मतः लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांना तो कायमचा राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत तुरुंगात राहू शकतात. त्यांच्या लसींची नोंद हवी.

माणूस सुटला की गेटवरून घरी नेण्याच्या घाईत त्याचे दवाखान्याचे कागद राहून जातात. ते मागा. औषध चालू असेल तर उरलेल्या गोळ्या आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी मागा. मग त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जा आणि राष्ट्रीय हिपॅटायटीस कार्यक्रमाचं केंद्र कुठे आहे ते विचारा. 'मी तुरुंगातून आलोय' हे तिथे सांगायची सक्ती नाही. ओळखपत्र आणि अहवाल पुरे.

आणि घरात? त्याला वेगळं ताट, वेगळा ग्लास, वेगळी गादी अजिबात नको. एका दस्तरखानावर जेवल्याने, गळाभेट घेतल्याने, लेकराची पप्पी घेतल्याने बी किंवा सी होत नाही. रेझर, ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याने वापरावं. जखमेचं रक्त पुसताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी आणि ती जागा ब्लीचने पुसावी. हिजामा करून घेणाऱ्यांनी, बाळाची खतना करवणाऱ्यांनी ब्लेड समोर फोडलेलं नवंच आहे ना, हे बघून घ्यावं. हा नियम तुरुंगातून आलेल्याच्या घरापुरता नाही, सगळ्यांसाठी आहे.

त्याला बी निघाला असेल तर बायको आणि घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या. ज्यांची निगेटिव्ह येईल आणि ज्यांनी पूर्वी लस घेतलेली नाही त्यांना लस द्या. सरकारी लसीकरणात बीची लस देशभर पोहोचायला २०११-१२ उजाडलं, त्यामुळे घरातली लहान मुलं बहुतेक सुरक्षित असतात आणि मोठी माणसं नसतात. मोठ्यांना तीन डोस लागतात : आज, एक महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. सीची लस अजून नाही.